सुरू करू का, सिस्टर?

बेबाबाई तोताराम माळी वर्‍हाडातल्या मिशनच्या इस्पितळातून दहा महिन्यांनी जळगावला परत आली, ते साल होतं १९६८. सप्टेंबर संपत आला होता. ज्या सुगनबाई दवाखान्यात ती तेरा वर्षांपूर्वी आया म्हणून लागली होती, तिथेच आता तिला ऑपरेशनच्या टेबलाशी, पेशंटच्या डोक्याकडे बसायचं होतं. पेशंटला गुंगी द्यायची, त्याचा श्वास नीट चाललाय की नाही हे बघायचं आणि काम झालं की त्याला शुद्धीवर आणायचं. नर्सनं असलं काम शिकून येऊन करायचं, हे गावात कुणी ऐकलं नव्हतं. तिला पाठवलं होतं डॉक्टर भिरूडांनी. दवाखान्यातले ते एकटे सर्जन. "मला एका वेळी पोटातही बघायचं आणि पेशंटच्या तोंडाकडेही बघायचं, हे जमत नाही," असं त्यांनी ट्रस्टच्या रतनलालशेठना सांगितलं होतं.

तोवर गुंगी द्यायचं काम सत्तारभाई करत. ते मूळचे ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे. आधीच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात क्लोरोफॉर्मची बाटली दिली आणि सांगितलं, मी म्हणेन तेव्हा थेंब टाक, मी म्हणेन तेव्हा थांब. पुढे क्लोरोफॉर्म जाऊन इथर आलं, ते डॉक्टर वारले, भिरूड आले. सत्तारभाई मात्र टेबलाच्या डोक्याकडच्या लोखंडी स्टुलावर चौदा वर्षं बसत राहिले.

पहिल्या दिवशी बेबाबाई आत गेली तेव्हा त्यांनी ते स्टूल ओल्या फडक्यानं पुसून ठेवलं होतं.

"बसा, सिस्टर," ते म्हणाले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

 याच माणसानं बेबाबाईला गॉजच्या पट्ट्या उकळायला शिकवलं होतं. धुळ्याच्या नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म याच माणसानं कुठूनतरी आणून तिच्यापुढे ठेवला होता. तेरा वर्षं ते तिला "बेबा" म्हणत आले होते.

"सत्तारभाई, तुम्ही मला सिस्टर काय म्हणता?"

"आत आलं की सिस्टरच म्हणायचं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पण दुसरंही काही नव्हतं.

त्या दिवशी नशिराबादच्या एका तरुण शेतकर्‍याचं अपेंडिक्स होतं. बेबाबाईनं जाळीच्या मास्कवर गॉजच्या घड्या घातल्या, तो त्याच्या नाकातोंडावर धरला आणि वरून इथर थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. तो धडपडला, बडबडला, मग सैल पडला. श्वास खोल आणि एकसारखा झाला. सगळं शिकवल्याप्रमाणे. डॉक्टर भिरूड हातात सुरी घेऊन उभे होते. त्यांनी मान वर केली.

"सुरू करू का, सिस्टर?"

बेबाबाईनं मागे वळून बघितलं. हा प्रश्न दुसर्‍या कुणाला तरी आहे, असंच तिला वाटलं. आजवर डॉक्टरांनी तिला हजार गोष्टी सांगितल्या होत्या, पण विचारलं काहीच नव्हतं. तिनं "हो सर" म्हणायचं, हेच तिचं काम होतं. आणि आता डॉक्टर थांबले होते. सुरी हवेत होती. ती म्हणेपर्यंत ती खाली येणार नव्हती.

तिनं मान हलवली.

"मान नको. तोंडानं सांगा. मला ऐकू यायला हवं."

"करा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही.

त्या संध्याकाळी खोलीवर गेल्यावर तिनं दिवाही लावला नाही. काही वाईट झालं नव्हतं. तो शेतकरी शुद्धीवर येऊन पाणी मागत होता. तरी तिला कुणीतरी जोरात ढकलल्यासारखं वाटत होतं. मिशनमध्ये तिच्या पाठीमागे शिकवणारी सिस्टर उभी असायची. इथे पाठीमागे भिंत होती.

बेबाबाई मूळची फागण्याची. धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना लागतं ते. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, दोन वर्षांत नवर्‍यानं दुसरी आणली आणि ती माहेरी परत आली. त्याच साली, पंचावन्नमध्ये, तिची थोरली बहीण धुरपदा, तिची अक्का, गेली. धुरपदा म्हसावदला दिलेली होती. पहिलं बाळंतपण, मूल अडलं, सासरच्यांनी तिला पॅसेंजरमध्ये घालून जळगावला सुगनबाई दवाखान्यात आणलं. मूलही गेलं आणि तीही. घरी निरोप आला तो एवढाच, की ऑपरेशनला घेण्याआधीच तिचा प्राण गेला, उशीर झाला होता.

दोन महिन्यांनी आई एकाएकी म्हणाली, तू त्याच दवाखान्यात कामाला जा. बेबाबाईला नवल वाटलं. आईनं जळगाव कधी पाहिलेलंही नव्हतं. पण नवर्‍यानं टाकून माघारी आलेल्या मुलीनं कशाला काय म्हणून विचारायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. ती ट्रंक घेऊन निघाली. दवाखान्याच्या फाटकात तिला उतरवून घ्यायला सत्तारभाई उभे होते. त्यांना कुणी सांगितलं, हेही तिनं विचारलं नाही.

नव्या कामाच्या तिसर्‍या आठवड्यात पहिला हादरा बसला.

जामनेरच्या एका आडत्याची बायको, प्रेमकुंवर, पित्ताशयाच्या ऑपरेशनला आली होती. चांगली स्थूल बाई. अर्धं ऑपरेशन झालं असेल, तेव्हा बेबाबाईला दिसलं की श्वास उथळ होतोय. गळ्यातून घुरघुर येत होती. तिनं मास्क काढला, जबडा सावरला, पण मान आखूड, हात निसटत होता. तिला दोन्ही हात लागणार होते, पेशंटचं डोकं वळवायला हवं होतं, आणि त्यासाठी डॉक्टरांनी क्षणभर पोटातले हात स्थिर ठेवायला हवे होते. एवढंच म्हणायचं होतं. थांबा, डॉक्टर.

तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. ती डॉक्टरांच्या हातांकडे बघत राहिली. ते हात कामात होते. कामात असलेल्या डॉक्टरांना नर्सनं थांबवायचं नसतं.

"रक्त काळं येतंय!" डॉक्टर ओरडले. "सिस्टर, काय चाललंय तिकडे?"

मग सगळं झटक्यात झालं. डॉक्टरांनी हात बाजूला घेतले, बेबाबाईनं डोकं वळवलं, जबडा पुढे ओढला, ऑक्सिजनची नळी लावली. दहा-बारा श्वासांत रक्ताचा रंग परत लाल झाला. प्रेमकुंवर वाचली. दहाव्या दिवशी टांग्यात बसून स्टँडवर गेली.

ऑपरेशननंतर हात धुता धुता डॉक्टर भिरूडांनी विचारलं, "मी ओरडायच्या आधी तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"किती आधी?"

"मिनिटभर असेल."

डॉक्टरांचा हात साबणावर तसाच राहिला. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही काम करत होतात, सर."

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा घाबरल्यासारखा झाला, आणि ते बघून ती आणखी हादरली. "अहो बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही बोलणार नसाल तर तुम्हाला तिथे बसवून मी काय मिळवलं? तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार. का म्हणून विचारणारसुद्धा नाही. पण तुम्ही म्हणायला हवं."

बाहेर आली तर सत्तारभाई व्हरांड्यात जमिनीवर बसले होते. तोंड राखेसारखं झालेलं. हातातल्या ट्रेमधला कापूस खाली सांडला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. बेबाबाईला वाटलं, माझी चूक बघून यांना बरं वाटलं असेल, आता लोकांत सांगतील. ती तशीच पुढे गेली. पुढे कितीतरी दिवस तिला या विचाराची लाज वाटत राहिली.

फेब्रुवारीत सत्तारभाईच आजारी पडले.

त्यांना जुना अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता, पट्टा बांधून ते चालवत होते. एका सकाळी आतडं त्यात अडकलं. त्यांची बायको मदिनाभाभी त्यांना टांग्यातून घेऊन आली तेव्हा ते उलट्या करून पांढरे पडले होते. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, दुपारपर्यंतही थांबता येणार नाही.

अशा ऑपरेशनला डॉक्टर स्वतःच कमरेत बधिर करणारी सुई देत, पेशंट जागाच राहत असे. पण सत्तारभाई लहानपणी झाडावरून पडले होते, पाठीचा कणा वाकडा होता. दोनदा सुई घातली, दोनदा ती हाडाला अडली.

"इथर द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

सत्तारभाई टेबलावर आडवे होते. त्यांनी डोळे फिरवून बेबाबाईकडे बघितलं. त्या बंद दारांच्या आत, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ते तिला सिस्टर म्हणाले नाहीत.

"बेबा, तूच देणार ना?"

"मीच देणार, सत्तारभाई. दुसरं कोण आहे?"

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "चौदा वर्षं मी लोकांना सांगत आलो, काही होत नाही, मोठा श्वास घ्या."

तिनं नाकातून नळी घालून त्यांचं पोट रिकामं केलं. टाक्यांची, चिमट्यांची मांडामांड करणारी लताबाई आपल्या टेबलाशी होती. डॉक्टर पलीकडच्या खोलीत हात धूत होते, नळाचा आवाज येत होता. बेबाबाईनं मास्क ठेवला आणि थेंब सोडायला सुरुवात केली. सत्तारभाईंनी श्वास रोखला, मग घेतला. थोड्या वेळानं, सगळे करतात तसे, ते बडबडू लागले. इथरमध्ये माणसं काहीही बोलतात. कुणी म्हशीला हाक मारतो, कुणी सासूला शिव्या देतो. त्यावर हसायची थिएटरमध्ये पद्धतच होती.

"रुको," सत्तारभाई म्हणाले. "रुको, डॉक्टरसाब."

लताबाई हसली. "गुंगीतही हे डॉक्टरांना हुकूम देतायत."

"रुको ना. होठ नीले हो गये. डॉक्टरसाब, बाई नीली हो गयी." त्यांनी डोकं इकडून तिकडे फिरवलं. मग मराठीत, अगदी स्पष्ट, पेशंटची नावं घ्यायची त्यांची पद्धत होती तसं गावासकट ते म्हणाले, "धुरपदाबाई. म्हसावदची धुरपदाबाई." आणि रडायला लागले. "उसकी माँ को क्या बोलूँ? डॉक्टरसाब, मैंने देखा था. मैं बोला नहीं."

मग आवाज घोगरा झाला, शब्द एकमेकांत मिसळले आणि ते झोपले.

बेबाबाईच्या हातातली बाटली तशीच तिरपी राहिली.  ऑपरेशनला घेण्याआधीच गेली, असं तिला सांगितलं होतं. चौदा वर्षं तिनं तेच खरं मानलं होतं. आणि अक्का याच टेबलावर होती. याच माणसाच्या हाताखाली. तिच्या लुगड्याची पिशवी याच खोलीबाहेर कुणीतरी सासरच्यांच्या हातात दिली असेल. आणि हा माणूस इतकी वर्षं रोज सकाळी आपल्याला विचारत होता, बेबा, चहा घेतला का?

थेंब पडतच होते. ती बघत होती. एक, आणखी एक. तेव्हा तिच्या मनात आलं, हे असेच पडत राहिले तर?

विचार आला आणि गेला. निमिषभर टिकला असेल. पण तो आला होता, आणि तो तिचाच होता. तिनं बाटली सरळ केली, मास्क उचलला. हात इतके कापत होते की बाटलीचं तोंड मास्कच्या तारेवर खडखड वाजलं. बहिणीबद्दल ऐकून जो धक्का बसला त्यापेक्षा हा मोठा होता. बहीण गेली तेव्हा दुसर्‍याचा हात होता. हा हात तिचा होता.

डॉक्टर आत आले, हातमोजे चढवले, चादरी पसरल्या. सुरी हातात घेतली.

"सुरू करू का, सिस्टर?"

"नाही," बेबाबाई म्हणाली.

खोलीत सगळं थांबलं. लताबाईनं वर बघितलं.

"थांबा, डॉक्टर."

"पल्स?"

"त्यांची पल्स चांगली आहे. श्वासही चांगला आहे. माझे हात स्थिर नाहीत. मला दोन मिनिटं द्या."

डॉक्टर भिरूडांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली. दोन्ही हात एकमेकांत गुंफून छातीशी धरले आणि उभे राहिले. शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी काहीच विचारलं नाही. दवाखान्यात दुसरं कुणीही नव्हतं जे तिच्या जागी बसलं असतं. बसू शकणारा एकमेव माणूस टेबलावर झोपला होता.

बेबाबाईनं बोटं सत्तारभाईंच्या कानापुढच्या नाडीवर ठेवली आणि त्यांचे श्वास मोजले. एक ते चाळीस. मोजता मोजता तिला त्यांच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट दिसले, कपाळावरचा घाम दिसला. तो तिनं टिपला. चाळीसपर्यंत येईतो हात थांबले होते.

"करा," ती म्हणाली.

तासभर लागला. आतडं काळं पडायच्या बेतात होतं, पण वाचलं. त्या तासात तिनं एकदाही मान वर केली नाही. श्वास, नाडी, बुबुळ, ओठांचा रंग. ओठांचा रंग ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. काम झाल्यावर सत्तारभाईंना वॉर्डात हलवलं, ते उलटी करून शुद्धीवर आले आणि त्यांनी मदिनाभाभीचा हात धरला. मग बेबाबाई लाँड्रीच्या मागे जाऊन भिंतीला टेकली. ती तिथेच खाली बसली.

आठवडाभर ती त्यांच्या खाटेकडे गेली नाही. टाके काढायच्या दिवशी गेली. दुपारची वेळ होती, मदिनाभाभी डबा आणायला घरी गेली होती.

"सत्तारभाई, तुम्ही इथरमध्ये बोललात," ती उभ्यानंच म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना समजलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

"नाव घेतलं?"

"गावासकट."

ते उशीला टेकून सावरून बसले. मग सांगू लागले. त्या वेळी त्यांना बाटली हातात मिळून वर्षही झालं नव्हतं. धुरपदाला आणलं तेव्हा ती जिवंत होती, बोलत होती, पाणी मागत होती. आधीचे डॉक्टर एकटे. मूल काढायची घाई. क्लोरोफॉर्म चालू होता आणि तिच्या घशात घुरघुर सुरू झाली. ओठ निळे झाले. "मला दिसलं, बेबा. पण मी पट्ट्या बांधणारा माणूस. डॉक्टर म्हणतील तेव्हा थांबायचं, एवढंच मला सांगितलेलं. डॉक्टरांनाच थांबा म्हणायचं, हे माझ्या डोक्यात कसं येणार? आलं, पण तोंडाबाहेर पडलं नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, लिहून टाका, आधीच गेली."

बेबाबाईला प्रेमकुंवर आठवली. ते मिनिट आठवलं. व्हरांड्यात जमिनीवर बसलेले सत्तारभाई आठवले. आपण त्यांच्याबद्दल काय समजलो होतो, तेही आठवलं.

"मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "चौदा वर्षं."

"मी शब्द दिला होता."

"कुणाला?"

"तुझ्या मायला. पुढचं तिला विचार. ते माझ्या तोंडून नको."

"माझ्या मायला?" बेबाबाईचा आवाज चढला, पलीकडचा पेशंट उठून बसला. "माझी माय तुम्हाला कुठे भेटली?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

रविवारी ती धुळ्याच्या एस.टी.त बसली आणि फागण्याला उतरली. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आई अंगणात बाजेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. लेक अवचित आलेली बघून तिनं हात पुसले, पण उठली नाही. बेबाबाईनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"माय, तू सत्तारभाईले वळखस?"

आईचा हात बाजेवर थांबला. नाही म्हणेल असं बेबाबाईला वाटलं, तसंच तिला हवं होतं.

"वळखस," आई म्हणाली. "अक्काना दहावाले उना व्हता. तू तवय नदीवर गयेल व्हती. त्याच वट्टावर बसना. बठ्ठं सांगं त्यानी."

दहाव्याला येऊन, ओट्यावर बसून, त्यांनी बठ्ठं सांगितलं होतं, म्हणजे सगळं. 

"तुना बाप कुर्‍हाड लिसन उठना," आई बिबडी उलटी करत म्हणाली. "मी मधमा आडी उनू. एक पोर गयी, आते आनखी एक मानूस कसाले मारानं? तो पाय धरीसन रडे. म्हने, माय, मी काय करू, सांग. मी म्हनलं, मनी धाकली पोर घर बशेल शे. तिले तठे कामले लाई दे. शिकाड. अन् तिले हाई कधी सांगू नको."

बेबाबाईनं पिशवी बाजेच्या पायाशी ठेवली. ती नोकरी. फाटकात उभे असलेले सत्तारभाई. धुळ्याच्या कोर्सचा फॉर्म. तिला वाटलं होतं, हे सगळं आपल्या कष्टानं आणि नशिबानं मिळालं. आईनं ते मागून घेतलं होतं, अक्काच्या बदल्यात.

"माले कसाले नही सांगं?" तिनं विचारलं. 

"सांगं अस्तं ते तू गयी नस्ती," आई म्हणाली. "आठेच वावरमा निंदत बसती."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच बेबाबाईला ते सहन होईना. ती जेवली नाही. पाचच्या गाडीनं परत निघाली. आई फाट्यापर्यंत आली, बसमध्ये वाळलेल्या बिबड्यांचं गाठोडं दिलं.  एरंडोल गेलं, तरी ते गाठोडं तिच्या मांडीवर तसंच होतं.

सोमवारी सकाळी ती डॉक्टर भिरूडांकडे गेली आणि म्हणाली, मला परत वॉर्डात टाका.

"का?"

कारण तिला सांगता येत नव्हतं. अक्काबद्दल बोलावं तर सत्तारभाई जाणार. बाटली तिरपी राहिली, ते सांगावं तर आपण जाणार. ती शेवटी म्हणाली, "सर, त्या स्टुलावर बसलं की माणूस काहीही करू शकतो. मला हे माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मला पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी हेच कळलं होतं," ते म्हणाले. "घरी जाऊन मला ताप आला होता. ज्याला हे कधीच कळत नाही, त्याला मी तिथे बसवणार नाही. उद्या दोन केसेस आहेत. दोन्ही तुमच्या."

ती बसली. आवड म्हणून नव्हे. दोन पेशंट होते आणि त्यांना झोपवणारं दुसरं कुणी नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी सत्तारभाई कामावर परत आले. वजनदार काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघं एकमेकांना टाळत. ती आत असली की ते बाहेरची कामं काढत. असे दोन महिने गेले. मग एकदा बेबाबाईला ताप आला आणि एक ऑपरेशन चार दिवस पुढे ढकलावं लागलं. बरी होऊन आल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, आणखी एकाला तरी हे नीट यायला हवं. लताबाईला तिनं शिकवायला घ्यायचं ठरवलं. आणि का कोण जाणे, व्हरांड्यात जाऊन म्हणाली, "सत्तारभाई, तुम्हीही या."

"मी? आता काय करू शिकून?"

"या."

थिएटर रिकामं होतं, दारं उघडी, बाहेर लख्ख ऊन. लताबाई टेबलावर आडवी झाली. बेबाबाईनं दोघांना सांगायला सुरुवात केली. माणूस गुंगीत गेला की सगळं सैल पडतं. जीभही सैल पडते, मागे जाते, घशावर बसते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. घुरघुर येते ती त्याचीच. मग ओठ निळे होतात. सत्तारभाई मान खाली घालून ऐकत होते.

"तेव्हा काय करायचं ते बघा." तिनं लताबाईच्या जबड्याच्या कोपर्‍यामागे, कानाच्या खाली, दोन्हीकडून बोटं ठेवली आणि जबडा वर उचलून धरला. "जबडा पुढे आला की जीभही पुढे येते. वाट मोकळी होते. आता तुम्ही."

सत्तारभाईंनी बोटं ठेवली. पट्ट्या बांधून बांधून सराईत झालेली बोटं, पहिल्याच खेपेला बरोबर जागी बसली. जबडा वर आला.

"असं?"

"असंच."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. धरून ठेवायचं."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडं राहिलं होतं. चौदा वर्षं त्यांनी मनाशी काय काय धरलं असेल, की फार मोठी विद्या होती, मशिनं होती, आपल्याला कुठून येणार, आपण अडाणी. ते सगळं त्यांच्या चेहर्‍यावरून गळून पडताना तिनं पाहिलं.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच, सत्तारभाई."

त्यांनी बोटं काढली नाहीत. शेवटी लताबाईच म्हणाली, अहो सोडा आता, जबडा दुखला. तेव्हा ते बाजूला झाले, दाराबाहेर गेले, आणि व्हरांड्याच्या टोकाला नळाखाली डोकं धरून उभे राहिले. पाणी सदर्‍यावरून खाली वाहत होतं. बेबाबाई आतून बघत होती. त्यांच्याजवळ जावंसं तिला वाटलं, आणि जाऊ नये असंही वाटलं. ती गेली नाही.

दुसर्‍या दिवशी ते वेळेवर कामावर आले. त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

सत्तारभाई पुढे पाच वर्षं होते. लताबाई तयार झाली. बेबाबाई तापाच्या साथीत आजारी पडली तेव्हा लताबाईनं सगळं निभावलं, आणि तिच्या बाजूला उभं राहून सत्तारभाई ओठांचा रंग सांगत राहिले. निवृत्त झाल्यावर ते धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. बेबाबाई फागण्याला आईकडे जायची ती आधीसारखीच, दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला, पण आईशी मोकळेपणानं बोलायला तिला आणखी बरीच वर्षं लागली. एकाहत्तर साली तिनं थिएटरच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं एक पाटी लावली: थांबा म्हणण्याचा अधिकार या खोलीतल्या प्रत्येकाला आहे. रतनलालशेठ पाहणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, हे कशाला? आयांनासुद्धा?

"आयांना आधी," बेबाबाई म्हणाली.